चार-पाच लहान मुलांना एकत्र बसवून पुस्तक वाचून घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: सहा-सात वर्षांची चार-पाच मुलं वाचायला एकत्र बसतात, पण एक वाचत असला की बाकीचे टंगळमंगळ करतात. मग पाळी लावावी का, प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी का, आणि किती वेळ बसवावं. वाचलं आणि गप्प बसवेना, कारण याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या वहिनीचं तीन वर्षांपूर्वी वाजलं होतं आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

पाळी अजिबात लावू नका. पाच मुलं वीस मिनिटं बसली तर एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं वाचन येतं. उरलेली सोळा मिनिटं पोरगं आपल्याला कुठला परिच्छेद येणार ते मोजतं आणि तेवढाच मनात घोकत बसतं. गोष्ट गेली उडत. मी शाळेत वर्षानुवर्षं हेच केलं. मधल्याच कुणाला बाईंनी वगळलं की सगळा हिशोब कोलमडायचा आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. शिवाय ज्याला बऱ्यापैकी वाचता येतं त्याचे डोळे आवाजाच्या थोडे पुढे धावतात, नवशिका मात्र एकेका अक्षराला चिकटून असतो. दोघांना एकाच ओळीत रांगायला लावलं की एक कंटाळतो आणि दुसरा घाबरतो.

माझा मुलगा तेव्हा साडेसहा वर्षांचा होता, वाचनात मागे. रविवारी सकाळी तो धरून पाच मुलं आमच्याकडे जमायची. पुस्तक एकच असायचं. त्यामागे काही थोर विचार नव्हता, जास्तीच्या प्रती आणायचा मला आळस होता. पुस्तक मधोमध आणि मुलं गोल बसलेली, त्यामुळे दोघांना अक्षरं उलटी दिसायची आणि त्यावरून भांडणं. मग पान कोण उलटणार यावरून भांडणं. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मी वाचणार नाही, मी पान उलटणार." म्हटलं, उलट बाबा.

पण पान केव्हा उलटायचं हे कळायला हवं ना! पहिल्या रविवारी त्याने तीनदा आधीच उलटलं आणि वाचणाऱ्या मुलीचा ओरडा खाल्ला. पुढच्या खेपेला बघतो तर हा पानावरच्या शेवटच्या शब्दावर बोट दाबून बसलाय. तो शब्द तिच्या तोंडून आला की सर्रकन पान उलटायचा. काही आठवड्यांनी बोट शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला आलं, मग हळूहळू तिच्या आवाजाबरोबर सरकायला लागलं. त्याला कुणीही काही शिकवलेलं नव्हतं.

एकदा ती मुलगी 'चष्मा'पाशी अडली. "चषमा," म्हणाली. परत "चषमा." चिरंजीव चित्राकडे बघत म्हणाले, "आजीच्या नाकावर काय आहे बघ ना. चष्मा!" त्यावर ती पुस्तकात नाक खुपसून म्हणते, "हां, ष अर्धाय!" त्याला अक्षर येत नव्हतं आणि तिला चित्र दिसत नव्हतं. दोघांनी मिळून एक शब्द वाचला.

नेमकी त्याच दिवशी वहिनी आलेली. ती शाळेत शिकवते. दहा मिनिटं बघून म्हणाली, "भाऊजी, हे वाचन नाही, दंगा आहे. पानं उलटून कुणी वाचायला शिकतं का?" आणि पुढच्या रविवारी त्याच पुस्तकाच्या पाच प्रती घेऊन हजर. झालं काय, पाच मुलं पाच कोपऱ्यांत. माझ्या मुलाने दोन मिनिटांत सगळी पानं फर्रकन उलटली आणि ओरडला, "झालं!"

मग मी तिला डॉन होल्डवे ऐकवला. न्यूझीलंडमधल्या या शिक्षणतज्ज्ञाने १९७९ सालच्या पुस्तकात हेच मांडलंय की झोपताना कुशीत घेऊन गोष्ट वाचतो तेव्हा पोराला अक्षरंही दिसतात, तोच जवळपणा वर्गात आणायचा आणि सगळ्यांनी मिळून एकाच पानाकडे बघायचं. वहिनी म्हणाली, "त्यासाठी त्यांनी हातभर मोठी पुस्तकं वापरली, सगळ्यांना दिसतील अशी. तुमच्याकडे दोघं उलटं वाचतायत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा करायला उठलो.

तेव्हा गोल बसवू नका, सगळ्यांना पुस्तकाच्या एकाच बाजूला बसवा. एका साध्या पुस्तकाभोवती पाच म्हणजे डोक्यावरून पाणी, चार बरे. ज्याला वाचता येत नाही त्याला बोट धरायचं किंवा पान उलटायचं काम द्या, आणि "आता तू वाच" म्हणू नका, तो स्वतःहून सुरू करेल. आमच्याकडे याला चार महिने लागले. मात्र बरेच महिने उलटूनही एखादं मूल अक्षरांपाशीच अडखळत असेल तर घोळक्याच्या भरवशावर राहू नका. डोळे-कान तपासून घ्या आणि त्याला वेगळं घेऊन बसा. काही मुलांना घोळका आवडतच नाही, त्यांना ओढून आणू नका. आणि हो, मुलं सराईत झाली की प्रत्येकाला आपली प्रत हवीच. वहिनीच्या वर्गातली मुलं आठ-नऊ वर्षांची होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिला मी तसं अजून बोललेलो नाही.

वेळेचं म्हणाल तर आमचं पंधरा मिनिटांच्या वर कधी गेलं नाही. तेच पुस्तक चौथ्यांदा काढलं तरी मुलं कंटाळत नाहीत, आपणच कंटाळतो. त्या पाच प्रतींपैकी चार अजून कोऱ्याच आहेत. वहिनी येणार असली की कपाटात मागे सरकवून ठेवतो.