बोर्डाआधी दोरी धरा

प्रश्न : घरावर एक खोली वाढवतोय. स्लॅबवर वजन नको म्हणून मधली भिंत लाकडी फ्रेमची घेतली, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड येणार आहे. वखारीतून आणलेलं लाकूड एप्रिलभर गच्चीवर पडून होतं. फ्रेम उभी राहिल्यावर काही उभ्या पट्ट्या बाहेर आल्यासारख्या दिसतात, काही आत गेल्यासारख्या. सुतारमामा म्हणतात, "बोर्ड मारला की सगळं एका लायनीत येतंय बघा." खरंच येतं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मामांचा मान राखून सांगतो, येत नाही. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड लाकडाला सरळ करत नाही, लाकडाच्या वळणाने तोच वाकतो. पोट आलेल्या पट्टीवर तो टेकतो आणि शेजारच्या पट्ट्यांपाशी पोकळी राहते. तिथे स्क्रू आवळला की डोकं कागद फाडून आत घुसतं, बोर्ड जागचा हलत नाही. रंग झाल्यावर समोरून बघाल तर काही कळणार नाही. खिडकीतून तिरपं ऊन आलं, किंवा हौसेने भिंतीलगत एलईडी पट्टी लावली, की सगळे उंचवटे उठून दिसतात.

सोलापुरात एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात ओलसर लाकूड उघड्यावर टाकलं की वरची बाजू आधी सुकून आकसते, खालची मागे राहते. मग ते वाकणारच. सावलीत, मध्ये चिपा घालून थप्पी लावायला हवी होती. असो.

आता मामांना एवढंच करायला सांगा. प्लायच्या एकाच तुकड्यातून तीन चिपा कापायच्या. दोन्ही टोकांच्या पट्ट्या ओळंब्यात आहेत ना, ते बघून त्यांवर एकेक चिप ठोकायची आणि चिपांवरून दोरी ताणायची. तिसरी चिप हातात धरून मधल्या प्रत्येक पट्टीवर दोरीखाली सरकवायची. दोरी उचलली गेली तर तिथे पोट, फट राहिली तर खड्डा. किती मिलिमीटर, ते पेन्सिलीने पट्टीवरच लिहायचं. खाली, मध्ये आणि वर, तिन्ही उंचींवर बघा. मध्ये जास्त सापडेल.

दोन मिलिमीटरच्या मागे लागू नका. डोळ्याला शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला फरक खुपतो, सबंध भिंत किंचित कललेली असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दाराची चौकट आणि भिंतीला टेकणारं कपाट मात्र याला अपवाद, तिथे ओळंबा हवाच.

तीन-चार मिलिमीटरचं पोट रंध्याने उतरतं. आधी खिळे काढा, नाहीतर इलेक्ट्रिक रंध्याचं पातं गेलंच समजा. खड्ड्यावर प्लायची पातळ पट्टी ठोका. पण तुमची भिंत दुतर्फा आहे. एका खोलीकडचं पोट म्हणजे दुसऱ्या खोलीकडचा खड्डा, त्यामुळे इकडे रंधा मारला की तिकडे भरती करावीच लागते. म्हणून बोटभर वाकलेली पट्टी सरळ बदला. बोर्ड लागायच्या आधी हा तासाभराचा खेळ आहे, नंतर अख्खी भिंत उघडावी लागते.

वाकलेली पट्टी निघतच नसेल तर जुना उपाय आहे. खड्ड्याच्या बाजूने, वाक जिथे सगळ्यात जास्त तिथे, निम्म्या जाडीपर्यंत करवत घाला. पलीकडून पोट दाबलं की चीर उघडते. तीत पाचर ठोका, बाहेर आलेला भाग कापून टाका आणि बगलेला दोन फुटांची पट्टी स्क्रूने जोडा. त्याने दोन्ही बाजू एकदम सरळ होतात. दाराशेजारच्या किंवा छपराचा भार घेणाऱ्या लाकडाला मात्र ही करवत लावू द्यायची नाही.

प्रश्न : सुतार खड्डे भरायला खोक्याचा पुठ्ठा वापरतोय. चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : खोक्याचा नको, तो आतून पोकळ असतो आणि स्क्रू आवळला की दबतो. सनमायकाचे कात्रण मागून घ्या, सुताराकडे पडलेलंच असतं. साधारण एक मिलिमीटर जाडी, हवे तेवढे थर लावा. बाथरूमच्या भिंतीला तर पुठ्ठा कुठलाच नको.