चालकाविना टॅक्सी: लोकांचा संशय कोठून येतो?

चालकाविना टॅक्सीविषयी लोकांच्या मनात असलेला संशय म्हणजे नव्या यंत्राची नेहमीची भीती आहे काय, असे आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही. या क्षेत्रातील घोषणा आणि प्रत्यक्ष घडामोडी मी अनेक वर्षे ताडून पाहत आलो आहे, आणि हा संशय बव्हंशी अनुभवातून आला आहे असे माझे मत आहे.

टेस्ला या अमेरिकी मोटार कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी एप्रिल 2019 मध्ये पुढील वर्षी दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना टॅक्सी, रस्त्यावर असतील असे सांगितले होते. टेस्लाची सेवा अमेरिकेतील ऑस्टिन शहरात जून 2025 मध्ये सुरू झाली, तीही मोजक्या गाड्यांनिशी आणि चालकाशेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून.

तरीही यंत्राला गाडी चालवताच येत नाही, हा आक्षेप आता टिकणार नाही. गूगलच्या मूळ कंपनीच्या मालकीच्या वेमोने ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात पूर्णतः चालकाविना सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली आणि नंतर ती इतर शहरांतही नेली. हे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मला खरी काळजी वाटते ती 2 ऑक्टोबर 2023 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जे घडले त्याची. माणूस चालवत असलेल्या एका गाडीच्या धडकेने एक पादचारी महिला शेजारून जाणाऱ्या, जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या चालकाविना टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सी तिला धडकून थांबली, पण मग रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी पुन्हा चालू लागली आणि गाडीखाली अडकलेल्या त्या महिलेला तिने सुमारे 6 मीटर फरफटत नेले. यंत्राची ही चूक भयंकर होती, परंतु चूक दुरुस्त करता येते. त्याहून गंभीर म्हणजे, अमेरिकेच्या केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेला दिलेल्या अहवालात क्रूझने हे फरफटणे वगळले, आणि खोटा अहवाल दिल्याची कबुली तिला पुढे द्यावी लागली. जनरल मोटर्सने डिसेंबर 2024 मध्ये या टॅक्सी प्रकल्पाचा निधी थांबवला.

आकड्यांबाबतही थोडा धीर धरावा लागेल. मानवी चालकाइतकाच कमी मृत्युदर संख्याशास्त्रीय खात्रीने सिद्ध करायचा, तर एकही मृत्यू न होता सुमारे 44 कोटी किलोमीटर धावावे लागेल, असे रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने 2016 मध्ये मांडले होते; वेमोने 16 कोटींचा टप्पा 2025 मध्ये ओलांडला. वेमोचे दुखापतींविषयीचे आकडे नक्कीच आश्वासक आहेत, पण ते निवडक शहरांतले आहेत, आणि गाडी चालवणारी आज्ञावली (सॉफ्टवेअर) बदलत असताना जुने किलोमीटर नव्या आवृत्तीच्या खात्यावर कितपत धरायचे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून एखादी कंपनी नव्या शहरात सेवा सुरू करू पाहते, तेव्हा मी आधी दोनच गोष्टी पाहतो: अपघाताचे संपूर्ण चित्रण नियामकाच्या हाती किती तासांत पडते, आणि गाडी अडल्यास दुरून मदत करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना गाडीसाठी किती वेळा निर्णय घ्यावा लागतो, हे ती जाहीर करते की नाही.