गाणं, पेटी आणि तबला घरी मिक्स करायला कोणता ईक्यू प्लगइन (आवाजातले खर्ज-तीक्ष्ण भाग कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) घ्यावा?

आधी खिशात हात घालू नका. रीपर किंवा लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेला रीईक्यू किंवा चॅनल ईक्यू या कामाला पुरेसा आहे. साध्या डिजिटल ईक्यूंमध्ये वक्र (कुठला भाग किती कमी-जास्त केला ते) सारखा ठेवला तर कानाला फरक जवळपास कळत नाही. महागड्या प्लगइनचे पैसे बरेचसे सोयीचे असतात. फॅबफिल्टर प्रो-क्यू झकास आहे, पण तो पुढे कधीतरी.

फुकटातच टीडीआर नोव्हा उतरवून घ्या. चारच बँड (पट्टे), पण डायनॅमिक, म्हणजे गरजेपुरतेच काम करणारे. गायिका तार सप्तकात गेली की आवाज साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या आसपास टोचायला लागतो. साधा ईक्यू तिथे कायमची कपात करतो आणि मग मंद्रातली आलापी निस्तेज होते. नोव्हा तेवढा भाग थ्रेशोल्डच्या (ठरवून दिलेल्या पातळीच्या) वर गेला तरच दाबतो, एरवी गप्प. ख्याल असो की भावगीत, मला तरी हीच सोय सगळ्यात जास्त उपयोगी वाटते.

पेटी गाण्याच्या आवाजावर चढत असेल तर गाण्याचा आवाज वाढवू नका, पेटीलाच 1 ते 3 किलोहर्ट्झमध्ये रुंद क्यू (म्हणजे रुंद पट्टा) ठेवून 2-3 डीबी कमी करा. गाण्याच्या आवाजाला 80 हर्ट्झचा लो कट (त्याखालचं कापणारा फिल्टर) चालतो. तोच डोळे मिटून डग्ग्याला लावलात तर घुमारा गेलाच म्हणून समजा.

आणि हो, सोलो दाबून (एकच ट्रॅक ऐकत) ईक्यू करू नका, सगळं एकत्र वाजत असताना करा. ईक्यू बायपास (तात्पुरता बंद) करून तुलना करताना पातळी सारखी ठेवा, नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.