मंडळात नव्याने येणाऱ्या ताईंसाठी

आपल्या नागपूरकर मैत्रिणींच्या मंडळात तुम्ही नुकत्याच आला आहात, तेव्हा मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असताना बंद पडलेला कूलर किंवा फुटाळा तलावावरची संध्याकाळची फेरी, असे साधेसुधेही निःसंकोच सांगत जा. ओळख त्यातूनच वाढते. मात्र कोणी दुःख सांगितले, तर उपाय सुचवण्याआधी तिला नुसते ऐकणारे माणूस हवे आहे का, हे विचारावे (सल्ल्याची हौस आपल्याकडे जरा जास्तच आहे). जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलली, तर ते एकटीने पेलू नये; तिच्याशी फोनवर बोलावे, तिच्या जवळच्या माणसाला कळवावे आणि २०२२ पासून चोवीस तास चालणाऱ्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा; तेथे मराठीतही बोलता येते.