गाडी-बिडी : सीबीचा डबा कुठं बसवू?

प्रश्न : काका, मी डेन्व्हरला राहते. कामासाठी दर पंधरा दिवसांनी आय-70 वरून डोंगर ओलांडून ग्रँड जंक्शनला जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात आयझेनहावर बोगद्याच्या अलीकडे अडीच तास अडकले होते. पुढं काय झालंय ते शेजारच्या ट्रकवाल्याला ठाऊक होतं, मला नाही. म्हणून सीबी रेडिओ घेतला, ट्रकवाले एकमेकांशी बोलायला वापरतात तो. गाडी टोयोटा टॅकोमा पिकअप, पण ऑफिसची. एकही भोक पाडायचं नाही असं बजावलंय. सेट सव्वासात इंच रुंद, दोन इंच उंच आणि नऊ इंच खोल. आठवडाभर तो माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून आहे. कुठं बसवू?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : ताई, ट्रक स्टॉपशेजारच्या सीबीच्या दुकानात मी बरीच वर्षं शनिवारचा बसायचो. तिथं येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, डबा कुठं बसवू? डब्याचं मागून बघू. आधी माइकची जागा ठरवा.

गाडी बंद ठेवून सीटवर बसा, पट्टा लावा, नजर समोर. आता उजवा हात स्टिअरिंगवरून सोडून द्या, न बघता. असं पाच-सहा वेळा करा. हात जिथं आपसूक पडतो तिथं माइक टांगायचा. बहुतेकांचा तो गिअरच्या खांबाच्या पुढं, कन्सोलच्या कडेला पडतो. चुंबकाचा किंवा चिकटपट्टीचा हुक मिळतो, भोक लागत नाही. माइक हातात धरून स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा. गुंडाळीची वायर स्टिअरिंगला किंवा गिअरला अडकत असेल तर ती जागा बाद, मग ती कितीही छान दिसो.

मी हे शिकलो ते पहिल्या मिनीव्हॅनमध्ये. सेट ग्लव्ह बॉक्सखाली लावला, अगदी कंपनीनं बसवल्यासारखा दिसत होता. पहिल्याच मोठ्या वळणावर ब्रॅकेटचा कोपरा हिच्या गुडघ्याला लागला. ही काही बोलली नाही. पुढच्या थांब्यावर उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. त्यात एक स्क्रू हीटरच्या नळीत शिरला होता, तो अख्खा हिवाळा शिट्टी वाजवत राहिला. तेव्हा तुमच्या ऑफिसनं भोकं पाडू नका म्हटलंय ते तुमच्या पथ्यावरच पडलंय.

आता डबा. पुठ्ठ्याचं त्याच मापाचं खोकं करा आणि त्यात इंडियन ग्रोसरीतली चार पौंडांची तूरडाळीची पिशवी घाला, म्हणजे वजनही साधारण जमेल. मनात असलेल्या जागी ते पट्ट्यानं बांधून आठ दिवस गाडी चालवा. शेजारी कुणाला तरी बसवा, शक्यतो लांब पायांचं. कॉफीचा कप ठेवा, हीटर पूर्ण सोडा. आठ दिवसांत खोकं आपणहून सांगेल कुठं नडतंय ते.

टॅकोमात या मापाच्या सेटला डॅशबोर्डखाली जागा काढणं म्हणजे गुडघ्यांशी भांडण. शिवाय गुडघ्याजवळच्या पॅनेलवर एअरबॅगची अक्षरं दिसली तर तिथं काहीच लटकवायचं नाही. काचेच्या कडेच्या खांबांनाही हात लावू नका, वरून पडदा-एअरबॅग उघडते. कपहोल्डरमध्ये फुगून बसणारे स्टँड मिळतात, पण ते फोनसाठी ठीक. त्यावर दोन किलोचा डबा ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला मान हलवत बसतो.

दुकानदार सेट बदलून देत असेल तर माझं मत सरळ आहे. ज्याची सगळी बटणं आणि स्पीकर माइकमध्येच असतात तसला घ्या. त्याचा डबा मागच्या सीटखालच्या कप्प्यात पट्ट्यानं घट्ट बांधायचा आणि विसरून जायचं. बदलून मिळत नसेल तर शेजारच्या सीटच्या पुढच्या बोल्टखाली अडकवायची लोखंडी पट्टी मिळते, ती कन्सोलला लागून उभी राहते. हे काम मात्र मेकॅनिककडून करून घ्या. सीटचा बोल्ट ठरलेल्या मापानंच आवळावा लागतो, आणि सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. सेटचा स्पीकर बहुधा पोटाला असतो. डबा जमिनीलगत बसवला तर आवाज गालिच्यात जिरतो. दहा-पंधरा डॉलरचा बाहेरचा स्पीकर लावला की झालं.

वीज सिगारेट लायटरच्या भोकातून घेतली तरी चालेल. सीबी बोलताना साधारण दीड-दोन अँपिअर ओढतो, जास्त नाही. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमध्ये कुंई असा आवाज चढतोय असं वाटलं, तर बॅटरीवरून थेट वायर ओढा आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा.

लोक डब्याच्या जागेवर महिना घालवतात आणि अँटेना पाच मिनिटांत कुठंही चिकटवतात. तिथंच सगळं फसतं. सीबीची लहर अकरा मीटरची, म्हणजे पाव लहरीची काठी पावणेतीन मीटर हवी. ती गाडीवर कोण मिरवणार? म्हणून आखूड काठीत तारेचं वेटोळं घालून भागवतात, आणि अशा अँटेनाला पायाखाली लोखंडी पत्रा फार लागतो. तुमच्या टॅकोमाच्या हौद्याचं आतलं अंग कंपोझिटचं आहे, त्याला अँटेनाच्या बुडाचं चुंबक चिकटणारच नाही. केबिनच्या छपराचा मध्य उत्तम. चुंबक बसवण्याआधी छप्पर पुसा, नाहीतर रंगावर ओरखडे येतील. केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घ्या, पण आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. बर्फ वितळलं की पाणी तिथून ठिबकतं, आत येत नाही. उरलेली केबल दोरीच्या लडीसारखी घट्ट गुंडाळू नका, सीटखाली सैल पसरून ठेवा.

मग एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळलीय ते दाखवणारं यंत्र, कुणाकडून तरी उसना आणा आणि चॅनेल 1 व 40 वर माप घ्या. 40 वर आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, 1 वर जास्त आला तर आखूड. दोन्हीकडे दोनच्या खाली आलं की बोला. तीनच्या वर असेल तर बटण दाबूच नका, सेट जळायची भीती.

महामार्गावर ट्रकवाले चॅनेल 19 वर भेटतील, 9 संकटासाठी राखीव. डोंगरात जीप घेऊन भटकणारे बरेच गट आता जीएमआरएसकडे, म्हणजे लायसन्स लागणाऱ्या दुसऱ्या एका रेडिओकडे, वळलेत. त्याचं 35 डॉलरचं लायसन्स दहा वर्षं चालतं, परीक्षा नाही, घरच्यांनाही पुरतं. पण बोगद्याअलीकडे अडकल्यावर पुढची खबर देणारा 19 वरच असतो.

प्रश्न : लडाखच्या सहलीसाठी थारमध्ये अमेरिकेहून आणलेला सीबी बसवायचा आहे. चुलतभाऊ घेऊन येतोय. छपरावर अँटेना कुठं लावू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लावू नका. आपल्याकडे भारतात 2005 च्या नियमानं 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा लायसन्सविना खुला झाला, तोही पाच वॉटपर्यंत आणि सेटच्या अंगचीच अँटेना असेल तर. छपरावर वेगळी काठी उभी केली की तुम्ही सवलतीच्या बाहेर. अमेरिकन सेटचे 40 चॅनेल 27.405 पर्यंत जातात. त्यातला 27 वा 27.275 वर, म्हणजे आत. 28 वा 27.285 वर, म्हणजे बाहेर. भावाला सांगा, त्या जागेत दोन किलो बदाम आण.