'तीर' म्हणजे किनारा की बाण?

प्रश्न असा आला आहे. एका शब्दकोड्यात 'तीर' एवढेच शोधसूत्र होते आणि घरे तीन. प्रश्नकर्त्या बाईंनी 'किनारा' लिहिले. मधल्या घरातून खाली उतरणाऱ्या उभ्या शब्दाचे शोधसूत्र होते 'कृष्णाच्या बाललीलांशी जोडलेली नदी', तोही तीन घरांचा. तो काही केल्या जुळेना. दुसऱ्या दिवशी उत्तर आले 'सायक'. बाई विचारतात, तीर म्हणजे काठ हे लहान मूलही सांगेल, मग हा सायक आला कुठून? आणि असे शोधसूत्र देणे योग्य आहे का?

माझ्या मते योग्य आहे. मराठीत 'तीर' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक संस्कृतातला, नपुंसकलिंगी: नदीचे तीर. दुसरा फारसीतून आलेला, पुल्लिंगी: तीर म्हणजे बाण. 'काय मोठा तीर मारलास!' म्हणतो तेव्हा हाच तीर असतो, आणि तीरंदाजही त्याच घरातला. दोघांचे नाते काही नाही, लिहिण्यात मात्र तंतोतंत सारखे. सायक हा बाणाचा संस्कृत पर्याय. शोधसूत्र 'नदीचे तीर' असते तर 'चे'ने लिंगही सांगितले असते आणि अर्थही. नुसत्या 'तीर'मध्ये दोन्ही झाकलेले राहतात.

मग सोडवणाऱ्याने काय करायचे? त्या नदीकडेच बघा. कृष्णाची नदी म्हणजे यमुना. तिचेच दुसरे नाव कालिंदी, तेही तीन अक्षरीच. म्हणजे मधल्या घरात 'य' येणार किंवा 'का' येणार. किनाऱ्यातला 'ना' दोन्हीकडून बाद. सायक हा शब्द माहीत नसला तरी किनारा खोडायला एवढे पुरेसे होते. आपल्याला पहिले सुचलेले उत्तर खोडवत नाही, खरी अडचण ती असते. आडव्या-उभ्या शब्दांची गाठ हा शोधसूत्राचाच उरलेला भाग समजावा. कोडे रचणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळायला हवे: दोन अनवट शब्द एकाच घरात एकमेकांवर टाकू नयेत. इथे सायकाला यमुनेचा आधार होता, म्हणून मी हे कोडे चोख म्हणतो.

व्याख्या आणि शब्द जुळतात की नाही, याची एक कसोटी मी नेहमी लावतो. दोघांना एकाच वाक्यात एकाच जागी बसवून बघायचे. 'दमणे' असेल तर 'थकणे', 'दमून' असेल तर 'थकून', 'दमलेला' असेल तर 'श्रांत'. शोधसूत्राचे शेपूट बघितले की उत्तराची जात कळते. मराठीत हे शेपूट फार बोलके असते. 'नाटकाच्या आरंभी सूत्रधाराबरोबर येणारी', दोन घरे. 'येणारी' म्हटले की बाई ठरली, आणि 'नटी' सुचायला वेळ लागत नाही. पण शोधसूत्रात नाम असेल तर लिंग त्या नामाचे असते, उत्तराचे नव्हे. 'लाल रंगाचे फूल' याला तो गुलाबही चालतो आणि ती जास्वंदही, दोन्ही तीन घरांची. अशा शोधसूत्रात फक्त जात सांगितलेली असते. प्रत्येक गुलाब फूल असतो, प्रत्येक फूल गुलाब नसते. म्हणून त्यावर सगळ्यात शेवटी हात घालावा, आजूबाजूची अक्षरे मिळाल्यावर.

आता पर्यायांबद्दल. नेहमीचा कोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो, कोड्याला उलटी वाट हवी असते. ती वाट अमरकोश या संस्कृत पर्यायकोशाने फार पूर्वी घालून दिली आहे. त्याची मांडणी विषयवार आहे, पाण्याच्या शब्दांचा तर वेगळा वारिवर्गच आहे. ग्रंथाचे मूळ नाव नामलिंगानुशासन, कारण शब्दाबरोबर त्याचे लिंगही त्यात सांगितलेले असते. त्यात पाण्याच्या नावांमध्ये सलिल आणि जल तर आहेतच, पण जीवन आहे, वन आहे, कमलसुद्धा आहे! वन म्हणजे पाणी हे कळल्यावर 'वनज' म्हणजे कमळ कसे, हे कोडे मला सुटले होते. तो आनंद अजून आठवतो.

या पाण्यातून कोडी रचणाऱ्यांना केवढे भांडवल मिळते पाहा. जल, नीर, अंबु, वारि हे चार शब्द घ्या. पुढे 'ज' जोडला की कमळ: जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' जोडला की पाणी देणारा ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद. 'धी' जोडला की समुद्र: जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी. बाराही शब्द तीन घरांचे. म्हणून 'कमळ' आणि तीन घरे दिसली की मी शेवटच्या घरात 'ज' पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवतो. पंकज आणि सरोजही त्यात बसतात. हलकेच एवढ्यासाठी, की राजीव आणि उत्पल कधी आडवे येतील सांगता येत नाही. पंकजाचा शब्दशः अर्थ चिखलात जन्मलेले. चिखलात किडेही जन्मतात, त्यांना कोणी पंकज म्हणत नाही. तेव्हा व्युत्पत्ती हा इशारा असतो, अर्थ रूढीने ठरतो.

लेखनाबद्दल थोडेसे. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट: जास्वंद म्हणजे जा, स्वं, द. संस्कृतात जलधि ऱ्हस्व, पण आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून जलधी. त्या 'धी'तून खाली 'धीर' उतरू शकतो, 'धिक्कार' नाही. काही कोडी यात सूट देतात, मला ती पटत नाही. घर भरण्यासाठी वेलांटी बदलली की शब्दच बदलतो.

राहता राहिला सायक. एकटा तो क्वचितच भेटतो, पण मदनाचे बाण फुलांचे, म्हणून तो कुसुमसायक. 'मदन' आणि सहा घरे असे कधी दिसले, तर बाईंना ते आता अडणार नाही.