घड्याळ पुढे केलं म्हणून उजेड वाढतो का?

प्रश्न: माझी बहीण ब्रिटनमध्ये असते. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी तिच्याकडचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि आमच्या फोनच्या वेळेचा घोळ होतो. ती म्हणते संध्याकाळी उजेड राहतो, खूप मस्त वाटतं. मग हीच वेळ वर्षभर का ठेवत नाहीत? ऑक्टोबरमध्ये परत मागे कशाला न्यायचं?

उत्तर: ताई, उजेड काही वाढत नाही हो, दिवस जेवढा आहे तेवढाच राहतो, सकाळचा एक तास काढून संध्याकाळला जोडायचा एवढीच करामत. उन्हाळ्यात हे खपून जातं, कारण घड्याळ हलवलं नाही तर जूनमध्ये लंडनला पावणेचारलाच सूर्य उगवेल आणि तेव्हा उठतंय कोण, त्यापेक्षा रात्री सव्वानऊपर्यंत पोरं बाहेर खेळलेली बरी. विल्यम विलेट नावाच्या बिल्डरला हेच खटकायचं, सकाळी घोड्यावरून रपेट मारायला निघाला की लख्ख उजेड पण घरोघरी पडदे बंद. म्हणून १९०७ ला त्याने स्वतःच पत्रक छापलं, आणि त्याची आयडिया तर अजूनच भारी, एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं करत घड्याळ पुढे सरकवायचं! बिचारा १९१५ मध्ये गेला आणि कायदा झाला १९१६ मध्ये, तोही युद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने आधी घड्याळं पुढे केली तेव्हा.

आता हिवाळा. डिसेंबरमध्ये लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य उगवतो आठला आणि चारच्या आधीच गुल. घड्याळ पुढेच ठेवलं तर मावळेल पाचच्या सुमारास, छानच की, पण उगवेल नऊला आणि वर उत्तरेला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत पावणेदहाला, म्हणजे शाळेची घंटा होऊन गेली तरी बाहेर अंधार. आणि हे करून बघितलंय बरं का. १९६८ ते १९७१ ब्रिटनने घड्याळ मागे घेतलंच नाही, स्कॉटलंडमध्ये नुसती बोंबाबोंब, शेवटी १९७० च्या डिसेंबरमध्ये संसदेत ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळायचं ठरलं. गंमत म्हणजे त्या काळात संध्याकाळचे अपघात जेवढे घटले त्यामानाने सकाळचे कमीच वाढले, पण न झालेला अपघात कोणाला दिसतो का? अंधारात दप्तर घेऊन निघालेलं पोर मात्र सगळ्यांना दिसतं. अमेरिकेनेही १९७४ च्या जानेवारीत तेलटंचाईपायी हाच खेळ केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुकाट्याने घड्याळ मागे घेतलं.

मला विचाराल तर इतक्या उत्तरेला वर्षभर पुढचं घड्याळ नको. सकाळच्या उजेडावर शरीराचं स्वतःचं घड्याळ लागतं, तोच काढून घेतला तर माणूस दुपारपर्यंत पेंगणार. बहिणीला म्हणावं वर्षातून दोनदा वैताग परवडला.

प्रश्न: हे सगळं शेतकऱ्यांच्या सोयीसाठी सुरू झालं असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: उलट आहे, शेतकरी पहिल्यापासून विरोधात. गाय घड्याळ बघून पान्हा सोडत नाही आणि दव सूर्य वर आल्याशिवाय वाळत नाही, मग मजूर तासभर आधी येऊन करणार काय? विलेटच्याही आधी, १८९५ मध्ये, न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने चक्क दोन तासांचा बदल सुचवला होता, का तर पोस्टातली ड्युटी संपल्यावर त्याला किडे गोळा करायला उजेड हवा होता. शेतकरी नाही, किडेवाला!

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये घड्याळ मागे जातं त्या रात्री नाइट शिफ्टवाल्यांचं काय होतं?

उत्तर: ब्रिटनमध्ये त्या रात्री दोन वाजले की परत एक वाजतो, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि ड्युटी एका तासाने लांबते. त्या तासाचे पैसे मिळतात का ते ज्याच्या त्याच्या करारावर, आधीच विचारून ठेवलेलं बरं. आणि अजून एक गंमत. त्या रात्री जुळी झाली, पहिलं एक पंचावन्नला आणि दुसरं दहा मिनिटांनी, तर घड्याळात तेव्हा एक वाजून पाचच मिनिटं झालेली असणार, म्हणजे कागदावर धाकटंच थोरलं!